शायलॉकच्या बाप्तिस्म्याचं काय? इंग्रजी अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' अभ्यासक्रमातून काढा, असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. कर्ज थकलं म्हणून ज्यू सावकार शायलॉक करारानुसार व्यापारी अँटोनिओचं पौंडभर मांस कापून मागतो आणि वकिलाच्या वेशातली पोर्शिया त्याला कोर्टात हरवते, ते हे नाटक. तशी मागणी झाली की समिती बसते, अहवाल येतो आणि नाटकाच्या जागी 'कम्युनिकेशन स्किल्स'चं एखादं गुळगुळीत पुस्तक लागतं. ते पाप माझ्या माथी नको. नाटक राहू दे. ते पुरतं शिकवलं जावं, एवढंच मागणं आहे.

सध्या काय चालतं ते आपल्याला ठाऊकच आहे. आलटून पालटून तेच तीन-चार प्रश्न येतात : पोर्शियाचं स्वभावचित्र, 'न्याय विरुद्ध दया', 'शायलॉक, खलनायक की बळी?', आणि पोर्शियाशी लग्न करायला आलेल्यांनी निवडायच्या तीन पेट्यांवर टीप. गाईडवाले बिचारे प्रश्नपत्रिका पाहून गाईड लिहितात, मुलं गाईड पाहून पेपर लिहितात, आणि पेपर तपासताना आम्ही तोच मजकूर गठ्ठ्यामागून गठ्ठा वाचत राहतो. ज्यू म्हणजे कायद्यावर बोट ठेवणारा, ख्रिस्ती म्हणजे दयाळू, शेवटी दयेचा विजय. स्नेहसंमेलनात कोर्टाचा प्रवेश बसवतात तोही याच बेतानं. "मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये" हे वाक्य आलं की टाळ्या, शिट्ट्या आणि पडदा.

मूळ नाटकात तिथून पुढे शंभरेक ओळी शायलॉक रंगमंचावर आहे. मला बोलायचं आहे ते त्या ओळींबद्दल.

हरलेला शायलॉक म्हणतो, माझी मुद्दल तरी द्या, मी जातो. पोर्शिया त्याला जाऊ देत नाही. ती आणखी एक कायदा काढते. परक्या माणसानं नागरिकाच्या जिवावर उठायचा प्रयत्न केला, तर त्याची निम्मी मालमत्ता त्या नागरिकाला, निम्मी सरकारजमा, आणि जीव ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासकाच्या, मर्जीवर. शायलॉकचं घर व्हेनिसमध्ये, धंदा व्हेनिसमध्ये, सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) तिथलंच. तरी कायद्याच्या लेखी तो परका. परक्यांशी व्यापार करणाऱ्या शहराला कायदा वाकवून चालत नाही, असं खुद्द अँटोनिओ आधीच्या अंकात म्हणालेला असतो. तोच कायदा आता दुसऱ्या बाजूनं उघडतो.

ड्यूक जीवदान देतो. मग पोर्शिया विचारते, अँटोनिओ, तू याच्यावर कोणती दया करशील? अँटोनिओच्या मित्रांतला ग्रॅशिआनो मध्येच ओरडतो, फुकटात एक फास दे, दुसरं काही नको. अँटोनिओची दया मात्र चांगली कलमवार आहे. सरकारजमा होणारा हिस्सा माफ व्हावा. उरलेला निम्मा आपल्या ताब्यात राहावा आणि शायलॉकच्या मरणानंतर तो त्याची मुलगी पळवून नेणाऱ्या लोरेन्झोला मिळावा. मरताना गाठीला जे असेल तेही मुलगी-जावयाच्या नावे याच कोर्टात लिहून द्यावं. आणि या उपकाराबद्दल त्यानं ताबडतोब ख्रिस्ती व्हावं. ड्यूक लगेच पुस्ती जोडतो : हे कबूल नसेल तर दिलेली माफी परत घेतो.

"समाधान झालं का, ज्यू? काय म्हणतोस?" असं पोर्शिया विचारते. तो म्हणतो, "झालं समाधान." मग म्हणतो, मला बरं वाटत नाही, जाऊ द्या, कागद मागाहून पाठवा, सही करतो. जाता जाता ग्रॅशिआनो ऐकवतो की बाप्तिस्म्याला तुला दोन धर्मपिते मिळतील, मी न्यायाधीश असतो तर आणखी दहा दिले असते. दोन आणि दहा बारा, म्हणजे इंग्लंडातली फाशी सुनावणारी ज्यूरी. प्रेक्षकांना हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता.

याच कोर्टात, याच बाईनं थोड्या वेळापूर्वी सांगितलेलं असतं की दया ही जुलमानं व्हायची गोष्ट नव्हे, ती आकाशातून हळुवार पावसासारखी येते. ते भाषण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. चौथ्या अंकातल्या सक्तीच्या बाप्तिस्म्यावर मात्र माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही प्रश्न पाहिला नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाच्या लेखी बाप्तिस्मा न घेतलेला आत्मा नरकात जाणार होता, तेव्हा अँटोनिओनं शायलॉकला दिलेली ती सर्वांत मोठी देणगी, असं हे उत्तर. मान्य. वर्गात हे सांगायलाच हवं. पण मग त्याच काळचे दुसरे नाटककार या देणगीकडे कसं पाहत होते, आणि ती देणगी घेतलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हेही सांगायला नको का?

ख्रिस्तोफर मार्लोचं 'ज्यू ऑफ माल्टा' घ्या. लंडनच्या रोझ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या वहीत त्याच्या प्रयोगाची नोंद १५९२ च्या फेब्रुवारीत आहे, म्हणजे ते शायलॉकच्या चार-पाच वर्षं तरी आधीचं. पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश आपल्या मुलांनी वाचायलाच हवा. तुर्कांची दहा वर्षांची खंडणी थकली आहे. माल्टाचा ख्रिस्ती राज्यपाल फर्नेझे ज्यूंना बोलावून हुकूम वाचून दाखवतो : प्रत्येक ज्यूनं निम्मी इस्टेट द्यावी, जो देणार नाही त्यानं तत्काळ ख्रिस्ती व्हावं, जो तेही नाकारेल त्याचं सर्वस्व जप्त. बाकीचे तिघं मुकाट्यानं निम्मी इस्टेट कबूल करतात. नाटकाचा नायक, श्रीमंत ज्यू व्यापारी बाराबास नकार देतो आणि मग घाईघाईनं म्हणतो, थांबा, निम्मी देतो. फर्नेझे म्हणतो, आता उशीर झाला. त्याचं घर जप्त होतं आणि त्याचा जोगिणींचा मठ होतो.

इथे धर्मांतर हे करवसुलीच्या हुकुमातलं दुसरं कलम आहे. आत्म्याच्या उद्धाराचा वाससुद्धा नाही.

बाराबास विचारतो, चोरी हा तुमच्या धर्माचा पाया आहे का? फर्नेझे उत्तर देतो की अनेकांचा नाश टाळायला आम्ही एकाचं घेतो, सगळ्यांसाठी एकानं सोसलेलं बरं. बायबल जाणणारा प्रेक्षक इथे चपापला असणार. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला मारावं असं सुचवताना प्रमुख याजक कयफा जे बोलतो, ते हेच. मार्लोनं ज्यूला बाराबास हे येशूऐवजी सुटलेल्या चोराचं नाव दिलं आणि कयफाचे शब्द ख्रिस्ती राज्यपालाच्या तोंडी घातले. पुढचा भाग तर आणखी मजेशीर. स्पॅनिश आरमाराचा अधिकारी मार्टिन देल बॉस्को गुलाम विकायला बंदरात येतो, खंडणी देऊ नका, लढा म्हणतो, आणि फर्नेझे लगेच तयार होतो. तुर्कांना सोन्याऐवजी तोफगोळे पाठवायचं ठरतं. ज्या पैशासाठी एवढा धर्म आठवला होता तो ज्यूंना परत केल्याचा उल्लेख नाटकात कुठेच नाही.

मार्लोनं ज्यूंची बाजू घेतली असं मात्र समजू नका. त्याचा बाराबास पुढे राक्षस होतो. भाताच्या पेजेत विष घालून सबंध मठ मारतो, त्यात पोटची अॅबिगेलही जाते. मी ख्रिस्ती म्हणून मरते आहे याला साक्षी राहा, असं ती शेवटच्या श्वासाला सांगते. त्यावर शेजारचा भिक्षू म्हणतो, हो, आणि कुमारिकाही, त्याचंच मला जास्त दुःख आहे. ज्यू, ख्रिस्ती, तुर्क, कोणालाच मार्लो सोडत नाही. बाराबास अखेर स्वतःच रचलेल्या सापळ्यात, उकळत्या कढईत पडतो. हेन्स्लोच्या १५९८ च्या सामानाच्या यादीत 'ज्यूसाठी एक कढई' अशी नोंद आहे. बाराबासला खोटं मोठं नाक लावत, याचीही आठवण त्या काळातल्या एका लेखकानं लिहून ठेवली आहे. नाक आणि कढई, एवढ्या सामानात ज्यू उभा राहत होता.

आणि प्रेक्षकांना खऱ्याशी ताडून पाहायची सोय नव्हती. पहिल्या एडवर्डनं १२९० मध्ये इंग्लंडमधले सगळे ज्यू हाकलून दिले. ते पुन्हा उघडपणे राहू लागले ते क्रॉमवेलच्या काळात, १६५६ नंतर. मधल्या साडेतीनशे वर्षांत इंग्लंडात व्याजबट्टा थांबला नव्हता. तो ख्रिस्ती लोकच करत होते, १५७१ च्या कायद्यानं दहा टक्क्यांपर्यंतचं व्याज चालवूनही घेतलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी जास्त व्याज घेतल्याबद्दल ज्यांच्यावर खटला झाला त्यांत जॉन शेक्सपिअर, म्हणजे नाटककाराचे वडील होते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत एका ओळीत मावेल. तेवढ्यानं 'लोभी ज्यू आणि उदार ख्रिस्ती' या मांडणीला चांगलाच तडा जातो.

लंडनमध्ये ज्यू वंशाचे थोडे लोक होते, पण ख्रिस्ती म्हणून. त्यांतला सर्वांत नावाजलेला रॉड्रिगो लोपेझ. मूळचा पोर्तुगीज, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला डॉक्टर, पुढे खुद्द एलिझाबेथ राणीचा वैद्य. चर्चला नियमानं जाणारा प्रोटेस्टंट. १५९४ मध्ये राणीला विष घालायच्या कटाचा आरोप त्याच्यावर आला. आरोप लावण्यात पुढाकार अर्ल ऑफ एसेक्सचा. जूनमध्ये टायबर्नला त्याला फाशी देऊन त्याचे तुकडे करण्यात आले. इतिहासकार कॅम्डन लिहितो की मरताना लोपेझ म्हणाला, माझं येशू ख्रिस्तावर जितकं प्रेम आहे तितकंच राणीवर आहे. आणि जमलेले लोक हसले. का हसले? ज्यूच्या तोंडी येशूवरच्या प्रेमाची शपथ म्हणजे त्यांना कबुलीजबाबच वाटला. त्या वर्षी 'ज्यू ऑफ माल्टा'चे पुन्हा बरेच प्रयोग झाले. नाट्यगृहवाल्यांना बाजार कळतो.

ही हकीकत घडली आणि दोन-तीन वर्षांत शेक्सपिअरनं शायलॉकला ख्रिस्ती व्हायला लावलं. बाप्तिस्म्यानं ज्यू ख्रिस्ती होतो यावर त्या शहराचा किती विश्वास होता, ते शेक्सपिअरला माहीत नसणं अवघड आहे.

आणि नाटकात ते आहेच, फक्त आपण तिथे थांबत नाही. शायलॉकची मुलगी जेसिका राजीखुशीनं ख्रिस्ती होते. नवऱ्यामुळे माझा उद्धार होईल असं ती म्हणते, तर शायलॉकचा जुना नोकर लान्सलॉट म्हणतो की अशानं डुकराच्या मांसाचा भाव वाढेल. ती पोर्शियाच्या घरी, बेलमाँटला पोचते तेव्हा ग्रॅशिआनो तिची ओळख 'लोरेन्झोची काफीर' अशी करून देतो. सगळे जमल्यावर तिच्याशी फारसं कोणी बोलत नाही. पाचव्या अंकात तिचं शेवटचं वाक्य काय आहे? गोड संगीत ऐकलं की मला कधीच आनंद होत नाही. त्यानंतर नाटक संपेपर्यंत ती गप्प आहे. दिग्दर्शकाला हवं तर त्या गप्प बसण्यावर अख्खा पाचवा अंक उभा करता येईल. राजीखुशीनं आलेल्या मुलीची ही गत, तर सक्तीनं आणलेल्या बापाची कल्पनाच करावी.

कल्पना करायचीही गरज नाही, निदान गोव्याच्या अभ्यास मंडळाला तरी. पोर्तुगालमध्ये १४९७ साली सरसकट सर्व ज्यूंना ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना 'नवे ख्रिस्ती' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. लोपेझ त्यांच्यातलाच. त्याच्या आधीच्या पिढीतला, तसाच वैद्य आणि तसाच नवा ख्रिस्ती, गार्सिया द ओर्ता. हा १५३४ मध्ये गोव्याला आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं, आणि हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो मेला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्येच बसलं होतं. पुढे त्याचा वरवंटा इथल्या धर्मांतरितांवर फिरला, पण सुरुवातीचा मोठा रोख या नव्या ख्रिस्ती लोकांवर होता. ओर्ताची बहीण कातारिना हिला लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळलं. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून काढून जाळली. दोन पिढ्यांपूर्वीच्या सक्तीच्या बाप्तिस्म्याचा हिशेब असा चुकता झाला. पणजी-म्हापशाच्या वर्गात 'मर्चंट'चा चौथा अंक शिकवताना ओर्ताचं नाव येत नसेल, तर आपल्या अंगणातला पुरावा सोडून आपण विलायतेतली टीपा-टिपणं उसनी आणतो आहोत.

"तेव्हाचा काळच तसा होता" हे वाक्य आता कोणीतरी म्हणेल. मी स्टाफरूममध्ये ते पुष्कळदा ऐकलं आहे. पण काळ एकसारखा नव्हता. रॉबर्ट विल्सनचं 'थ्री लेडीज ऑफ लंडन' १५८४ मध्ये छापलं गेलं. त्यातही ज्यू सावकार आहे, त्यातही तीन हजार डुकाट (सोन्याची नाणी) आणि तीन महिन्यांची मुदत आहे, त्यातही कोर्ट आहे. फरक एवढाच की कर्ज बुडवणारा इटालियन ख्रिस्ती व्यापारी तुर्कस्तानात कोर्टापुढे उभा राहतो आणि कर्ज चुकवावं लागू नये म्हणून मुसलमान व्हायला निघतो. जेरॉन्टस हा ज्यू ते पाहून हादरतो. आधी व्याज सोडतो, मग निम्मी मुद्दल, शेवटी सगळंच सोडतो, पण माझ्यामुळे तुझा धर्म सुटला असं व्हायला नको म्हणतो. न्यायाधीश शेरा मारतो की इथे ज्यू ख्रिस्तीपणात वरचढ व्हायला पाहतात आणि ख्रिस्ती ज्यूपणात. या शेऱ्यातही 'ज्यूपण' म्हणजे वाईटच, हे खरं. तरीही 'मर्चंट'च्या बारा-तेरा वर्षं आधी लंडनच्या रंगमंचावर असा ज्यू येऊन गेला होता, आणि पैशासाठी धर्म बदलणं किंवा बदलायला लावणं नीच आहे हे प्रेक्षकांना समजत होतं. इटलीत मांटुआच्या गोन्झागा दरबारात तर ज्यू समाजाची नटमंडळी नाटकं करत होती, आणि त्यांचा नाटककार-दिग्दर्शक लिओने दे' सोम्मी यानं रंगभूमीविषयी चर्चा करणारे संवाद आणि हिब्रूत एक प्रहसन लिहून ठेवलं आहे. नाटकातले ज्यू आणि नाटक करणारे ज्यू एकाच शतकात होते, हे विद्यार्थ्यांना कळलं तर कुठे बिघडतं?

एकपात्री स्पर्धांच्या परीक्षकांनाही या पत्रात एक विनंती घुसडतो. "ज्यूला डोळे नसतात का?" हे स्वगतासारखं म्हटलं जाणारं भाषण (ते स्वगत नाही, समोर त्याची टर उडवणारे दोघं उभे आहेत) हल्ली सहिष्णुतेचं गाणं म्हणून सादर होतं आणि "विष दिलंत तर आम्ही मरत नाही का?" इथे हात जोडून संपतं. पुढचं वाक्य सूडाचं आहे. तुम्ही आमच्याशी जसं वागता तेच शिकून मी करून दाखवीन, आणि गुरूपेक्षा सवाई करीन, असं शायलॉक म्हणतो. ते कापलं की शायलॉक गोंडस होतो आणि अँटोनिओचं त्याच्यावर थुंकणं विसरलं जातं. तो थुंकतो, कुत्रा म्हणतो, आणि कर्ज मागायला आल्यावरही पुन्हा थुंकेन म्हणतो. ते सगळं राहू द्या.

हे नाटक ज्यूद्वेषासाठी वापरता येतं हेही लपवू नये. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात बुर्गथिएटरनं ते केलं, वेर्नर क्राउस शायलॉक झाला होता. शेक्सपिअरच्या काळच्या लंडनच्या प्रेक्षकांनी उघडपणे राहणारा ज्यू पाहिलेला नव्हता; आपली गोष्ट वेगळी आहे. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणजे बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत राहिले, अलिबागेत इस्राएल आळी आहे, पुण्यात लाल देऊळ म्हणतात ते सिनेगॉग आहे. तरी या राज्यातल्या बहुतेक मुलांना 'ज्यू' पहिल्यांदा भेटतो तो हातात सुरी परजणारा शायलॉक. त्याच्या शेजारी दुसरं काही ठेवणं आपल्या हातात आहे.

म्हणून मागणं थोडकं आणि बिनखर्चाचं आहे. 'मर्चंट' लावाल तिथे त्याच्या जोडीला मार्लोचा पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश आणि विल्सनचा जेरॉन्टसचा कोर्ट-प्रवेश लावा. दोन्ही मिळून दोन-तीन तासिकांचं काम. लेखक जाऊन चारशे वर्षं झाली, कोणाची परवानगी घ्यायला नको. त्यासाठी तीन पेट्यांवरची टीप गेली तरी चालेल, तिच्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. गोव्याच्या मंडळानं ओर्ताची दोन पानं जोडावीत. आणि पुढच्या सत्राच्या नमुना प्रश्नपत्रिकेत 'न्याय विरुद्ध दया' गाळून त्या जागी हा प्रश्न घालावा. मसुदा माझ्याकडून, दुरुस्त्या आपल्याकडून :

प्र. ४. "या उपकाराबद्दल त्यानं ताबडतोब ख्रिस्ती व्हावं." अँटोनिओची ही अट आणि 'ज्यू ऑफ माल्टा'मधल्या फर्नेझेच्या हुकुमाचं दुसरं कलम यांची तुलना करा. दोघांपैकी कोण अधिक प्रामाणिक आहे? (गुण १०)

कळावे, लोभ असावा.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त प्राध्यापक